‘थांब’ म्हटल्यावर थांबलेल्या मामांना

प्रिय मामा,

माझ्या वडिलांना, नानांना, जाऊन एकवीस दिवस झाले. तेराव्याला तुम्ही यावं अशी आईची फार इच्छा होती. वॉर्डात फोन केला तर तुमची ड्यूटी दुसऱ्या मजल्यावर लागल्याचं कळलं आणि पुढे बोलणं राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. तुम्ही माझ्यापेक्षा पंचवीसेक वर्षांनी लहान असाल, तरी हॉस्पिटलात वॉर्डबॉयला सगळे मामा म्हणतात म्हणून मीही मामाच म्हणत आले. आता दुसरं काही तोंडात येत नाही.

तुमच्याकडे येण्याआधी नाना चार दिवस दुसऱ्या एका हॉस्पिटलात होते, हे तुम्हाला माहीत आहे. तिथे काय झालं ते मात्र मी तेव्हा धड सांगू शकले नाही, बोलायला लागलं की रडूच यायचं. बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलेलं, वय ८५. दाखल करताना त्यांचं कानाचं मशीन काढलं, ते खिशात ठेवायचं वायरवालं, आणि कवळीबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवून दिलं. मशीन नसलं की नानांना शेजारी ढोल वाजला तरी कळत नाही. कोणी मागून काही विचारायचं, नाना भलतंच उत्तर द्यायचे, नाहीतर गप्प राहायचे. कूस बदलायला चौघं यायचे आणि चादरीसकट उचलायचे. नाना हात हलवून काही सांगायला बघायचे. तिसऱ्या दिवशी फाइलवर लिहिलं गेलं, ‘गोंधळलेले, सहकार्य करत नाहीत.’ चौथ्या दिवशी संध्याकाळी पाचला मला आत सोडलं, तेव्हा त्यांचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीने पलंगाच्या दांडीला बांधलेले होते. उजव्या मनगटावर गाठीचा लाल वळ. विचारलं तर उत्तर आलं, “सलाईन ओढतात हो, त्यांच्याच भल्यासाठी आहे.” नानांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. पंचावन्न वर्षांची झाले मी, माझ्या बापाला असं तोंड लपवताना कधी पाहिलं नव्हतं.

तो राग अजून उतरलेला नाही. त्या चार दिवसांत त्यांनी नानांचं वय विचारलं, वजन विचारलं, विम्याचा नंबर तर तीनदा विचारला. हा माणूस हातांनी काय सांगतोय, हे कोणी विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर मीही बाहेरच्या बाकावर बसून होते, मलाही सुचलं नाही.

त्याच रात्री तुमच्याकडे आलो. स्ट्रेचरवरून पलंगावर घ्यायचं होतं. तुम्ही आणि वॉर्डातल्या मावशी चादरीची टोकं धरून उभे होता, तुम्ही “हं, एक, दोन” म्हणालात, आणि नानांनी उजवा हात आडवा पसरला, तळवा खाली, आणि इकडून तिकडे फिरवला. तुम्ही थांबलात. चादर खाली ठेवलीत आणि माझ्याकडे वळून विचारलंत, “ताई, बाबा काम काय करायचे?”

मामा, ह्या एका प्रश्नासाठी मी तुमचे पाय धरायला तयार आहे. तेव्हा घाईत मी म्हटलं, “तेलाच्या रिगवर होते, क्रेनवाल्याला खुणा करायचे.” आज नीट सांगते.

नाना नंदुरबारकडच्या खेड्यातले. पोहायला नदी, समुद्र फक्त शाळेच्या नकाशात. १९६० साली गुजरातेत अंकलेश्वरला तेल लागलं, आमच्या बाजूने ते फार लांब नाही. १९६२ मध्ये बावीस वर्षांचे नाना तिथे मजूर म्हणून लागले. पाइप खांद्यावर घेत घेत काम शिकले. पुढे जपानमध्ये बांधलेली ‘सागर सम्राट’ आली, समुद्राच्या तळाला आपले लांबलचक पाय टेकवून पाण्याच्या वर उभी राहणारी रिग. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर तिला तेल लागलं, तेच बॉम्बे हाय. नाना तेव्हा तिच्या डेकवर होते. मे १९७६ पासून तेल निघायला लागलं. पुढे समुद्राखालच्या पाइपातून ते उरणला यायला लागलं आणि त्याच्या मागोमाग आम्हीही उरणला आलो.

नानांचं काम बोटीवरून वर येणाऱ्या ओझ्याचं. कधी पाइप, कधी भाजीपाला, कधी माणसं. माणसांसाठी दोरांच्या जाळीची बास्केट असते. तिच्या कडेवर उभं राहायचं, जाळीला घट्ट धरायचं, आणि क्रेन तुम्हाला लाटांवरून वर घेते. क्रेनवाला उंच केबिनमध्ये, खाली बोट हलतेय, त्याला तिथलं धड दिसत नाही. इंजिनांच्या आवाजात ऐकू तर काहीच येत नाही. म्हणून मध्ये एक खुणा करणारा लागतो. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की सोड. खूण करणाऱ्या हातासमोर दुसरा हात स्थिर धरला की सावकाश. आणि हात आडवा, तळवा खाली, इकडून तिकडे फिरवला की थांब. नाना सांगायचे, बाकीच्या खुणा क्रेनवाला फक्त आपल्या माणसाच्या पाळतो. ‘थांब’ मात्र डेकवर कोणीही केली, अगदी चहा आणणाऱ्या पोराने केली, तरी क्रेन थांबलीच पाहिजे.

चार दिवस नाना ‘थांब’ म्हणत होते, मामा. त्यांनी ते हात बांधले.

चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी, असा आमचा संसार चालला. नाना घरी असण्याच्या दिवसांना आई कालनिर्णयवर लाल पेनाने गोल करायची. माझा धाकटा भाऊ जन्मला तेव्हा नाना लाल गोलाच्या बाहेर होते, त्यांना निरोप दोन दिवसांनी पोचला. पण घरी असले की ते पूर्ण घरचे. आमच्या वेण्या नाना घालायचे, इतक्या घट्ट की शाळेत डोकं ठणकायचं, रिगवरची गाठ मारतात तशी. बाजारातून बोंबील आणून स्वतः साफ करायचे. खानदेशी माणूस, मासे उरणला येऊन शिकला. पालकांच्या सभेला आमच्या वर्गात बहुतेक आयाच यायच्या, आमच्याकडून नाना यायचे, इस्त्रीचा शर्ट घालून.

१९९८ ला निवृत्त झाले, तरी मन तिकडेच. २७ जुलै २००५ ला समुद्रातल्या बॉम्बे हाय नॉर्थ ह्या तेलाच्या प्लॅटफॉर्मला आग लागली. आदल्या दिवशीच्या पावसाने मुंबई बुडालेली, फोन लागेनात. एका बोटीवरच्या जखमी माणसाला क्रेनने वर घेतलं होतं, आणि ती बोटच प्लॅटफॉर्मवर आदळली. २२ माणसं गेली. नाना रात्रभर फोनशी बसून एकेक जुना नंबर फिरवत होते. पहाटे एवढंच म्हणाले, “माणूस उचलायचा म्हणजे सगळ्यांनी श्वास रोखून उचलायचा असतो.”

तुम्ही तसे उचलत होतात.

त्या रात्री तुम्ही माझ्याकडून चार खुणा शिकून घेतल्यात आणि मावशींनाही शिकवल्यात. नंतर दर वेळी तुम्ही आधी नानांच्या पायाकडे, त्यांना दिसेल असं उभं राहायचात. बोट वर करून फिरवायचात आणि वाट बघायचात. नाना आपला हात वर करून तीच खूण परत देईपर्यंत चादरीला कोणी हात लावायचं नाही. एकदा मध्येच त्यांनी डावा हात उजव्यासमोर धरला, सावकाश, आणि तुम्ही दोघांनी त्यांना इतकं हळू खाली ठेवलंत की नाना कवळी नसलेल्या तोंडाने हसले. पडल्यापासून पहिल्यांदा. ऑपरेशन डॉक्टरांनी उत्तम केलं, त्यांचे उपकार आहेतच. पण माझा बाप माणसांत परत आला तो त्या पलंगावर, त्या चादरीवर, तुमच्या समोर हात हलवताना. तिथे ते पुन्हा कामावर होते.

किती पगार मिळत असेल तुम्हाला? रात्रीच्या ड्यूटीत एकटे बारा-पंधरा पेशंट सांभाळताना मी तुम्हाला पाहिलंय. शेजारच्या पलंगावरच्या आजोबांचा डबा मुलगा आणायचा विसरला, तेव्हा तुम्ही आपल्यातली अर्धी भाकरी त्यांना दिलीत, तीही मी झोपलेय असं समजून. अशा माणसांच्या जिवावर आपली म्हातारी माणसं रात्री काढतात. ती कोणाच्या भाषणात येत नाहीत, त्यांच्या नावाचा बोर्ड कुठे लागत नाही. देवाने त्यांना भरभरून द्यावं, एवढंच मी रोज दिवा लावताना म्हणते.

डिस्चार्जच्या दिवशी मी पाचशेची नोट पुढे केली, तुम्ही हात मागे घेतलात. मग नानांनी पाकिटातून एक रुपयाची नोट काढून दिली, ती मात्र घेतलीत आणि आय-कार्डच्या मागे सरकवलीत. ती का दिली हे गडबडीत सांगायचं राहिलं. उलटून बघा. मागे जी रिग छापलीय ती ‘सागर सम्राट’. नाना तशा नोटा जपून ठेवायचे आणि फक्त आपल्या माणसांना द्यायचे. माझ्या लग्नात जावयाला दिली होती, नातू झाला तेव्हा त्याच्या मुठीत दिली होती. तिसरी तुम्हाला.

घरी आल्यावर नाना सात आठवडे होते. वॉकर धरून ओट्यापर्यंत जायचे, आईशी चहात साखर किती यावरून भांडायचे. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी दोन्ही हात छातीसमोर एकमेकांत गुंफून धरले. शेजारच्या काकूंना वाटलं देवाला हात जोडतायत. क्रेनच्या भाषेत त्याचा अर्थ, सगळं आहे तिथेच थांबवा. मी पलंगाजवळून हलले नाही.

आणखी एक. त्यांचं कानाचं मशीन चांगलं चालू आहे. वॉर्डात कोणी कमी ऐकणारं म्हातारं माणूस आलं तर तुमच्याजवळ असू द्या. रविवारी माझा मुलगा पनवेलला तुमच्याकडे येतोय, त्याच्याकडे देते. सेल नवीन घातलेत, जोडीला चार जास्तीचे ठेवलेत.

तुमची,
नानांची मुलगी, उरण