शिष्यांना आणि पेत्रालाही : मुलास पत्र

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात अनेक आशीर्वाद.

दारू सुटली तरी उपासनेला जाण्याचे धैर्य होत नाही, ज्या तोंडाने घरच्यांना इतके दुखावले त्याच तोंडाने गीते कशी गावीत, असे तू लिहिलेस. तुझ्या या प्रश्नात मला अविश्वास दिसत नाही. केलेल्या पापाची खंत दिसते, आणि भग्न, अनुतापी हृदयाला देव तुच्छ मानत नाही हे दाविदाने ५१व्या स्तोत्रात स्वतःच्या घोर अपराधानंतरच लिहून ठेवले आहे.

प्रभूला धरून नेले त्या रात्री 'मी त्याला ओळखत नाही' असे म्हणून पेत्राने त्याला नाकारल्याची कथा तू लहानपणापासून ऐकत आलास, परंतु तिच्या पुढच्या भागाकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. मार्काच्या शुभवर्तमानात रिकाम्या कबरेपाशी स्त्रियांना निरोप मिळतो की, जाऊन त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा, तो तुमच्यापुढे गालीलात जात आहे. पेत्र तर शिष्यांपैकीच एक होता. मग त्याचे नाव वेगळे का घेतले? मला वाटते, ते घेतले नसते तर आपण अजूनही त्यांच्यात मोजले जातो, हे मानायला तो धजावला नसता.

पुढे योहान आपल्या शुभवर्तमानात जे सांगतो ते तू सावकाश वाचावेस. महायाजकाच्या अंगणात थंडी होती म्हणून कोळशाचा विस्तव पेटवला होता आणि तिथे शेकत उभा असतानाच पेत्राने नाकारले. समुद्रकाठी पुनरुत्थित प्रभूने शिष्यांसाठी भाकर व मासळी तयार ठेवली तीही कोळशाच्याच विस्तवावर. आधी त्याने सर्वांना जेवू घातले आणि नंतर विचारले, "माझ्यावर प्रीती करतोस काय?" जितक्या वेळा नाकारले तितक्या वेळा, म्हणजे तीनदा. तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी झाला, असे योहानाने स्पष्ट लिहिले आहे. प्रभूने त्या रात्रीवर पांघरूण घातले नाही. जखम होती नेमक्या तिथेच हात ठेवला, आणि प्रत्येक उत्तरानंतर आपली मेंढरे त्याच्या स्वाधीन केली. ज्याचा भरवसा उरला नव्हता त्याच्यावर दुसऱ्यांच्या जीवनाची जबाबदारी सोपवणारा असा प्रभू आपला आहे, आणि हे मी तुला केवळ धीर देण्यासाठी सांगत नाही. माझा स्वतःचा विश्वास यावरच उभा आहे.

ही पुनःस्थापना एका दिवसात पूर्ण होते, असे मात्र मी म्हणणार नाही. जॉन न्यूटन या खलाशाने १७४८ साली वादळात देवाचा धावा केला, तरी त्यानंतरही काही वर्षे तो गुलामांच्या जहाजांवर होता आणि कप्तानही झाला. १७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला, १७६४ मध्ये तो पाळक झाला, आणि त्या व्यापारातला आपला सहभाग कबूल करून त्याविरुद्धची पुस्तिका त्याने छापली ती १७८८ मध्ये. देवाने त्याला इतका अवधी दिला हे खरे; पण तेवढ्या काळात किती माणसांनी सोसले, हे आठवले की त्या विलंबाला मी कृपा म्हणू शकत नाही. म्हणून तुझ्या पत्नीला जे सांगायचे आहे ते पुढे ढकलू नकोस. क्षमा मागणे तुझ्या हाती आहे, ती केव्हा द्यायची हे तिच्या. देवाने क्षमा केली आहे असे सांगून तिच्याकडून ती वसूल करू नकोस.

औषधोपचारही चालू राहू दे. डॉक्टरांकडे जाणे म्हणजे प्रार्थनेवरचा विश्वास उणा होणे, असे कोणी म्हणाल्यास मानू नकोस.

मंडळीत काही जण तुझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहतील. अपराध केलेल्या एका माणसाविषयी करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलाने पत्रातून बजावले होते की, आता त्याला क्षमा करा, त्याचे सांत्वन करा, नाहीतर तो अति दुःखाने ग्रासून जाईल. ती आज्ञा त्यांच्यासाठी आहे, आणि ती पाळायची की नाही याचा जाब त्यांना द्यायचा आहे. त्यांच्या नजरेमुळे तू प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर राहावेस, असे पौलाने कुठेही लिहिलेले नाही. एकट्याने जाणे जड वाटत असेल तर आधी पाळकांना त्यांच्या घरी भेट आणि मला लिहिलेस ते सारे त्यांनाही सांग. मी त्यांच्याशी बोलले आहे. ते तुझी वाट पाहत आहेत.

तुझी,
आई