शिफारस करताना आवृत्तीही लिहा

महोदय,

सध्या काय वाचताय, असं विचारलं की इंदूरचे मराठी वाचक पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव सांगून थांबतात. एवढं पुरत नाही. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’च घ्या. आपल्या माळव्यातल्या प्रत्येक मराठी घरात तो वाचला जायला हवा, कारण १८५७च्या धामधुमीत हा कोकणातल्या वरसईचा भिक्षुक महू, ग्वाल्हेर, झाशी अशा मुलखातून फिरला आहे. पण चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली तो छापला, तेव्हा भाषेवर हात फिरवला आणि काही मजकूर गाळला. मूळ हस्तलिखितावरची दत्तो वामन पोतदार यांची आवृत्ती १९६६ची. दोघांनी वेगवेगळ्या प्रती वाचल्या की चर्चेत हमखास घोळ होतो: एकाला आठवणारा प्रसंग दुसऱ्याच्या पुस्तकात सापडतच नाही.

म्हणून ग्रंथालयातून प्रत घेताना मुखपृष्ठावर विसंबू नका. आतलं पान उलटून संपादकाचं नाव पाहा, प्रस्तावनेत ‘मूळ प्रत’ कोणती म्हटली आहे ते वाचा. नवी छपाई जुन्याच संहितेची असू शकते.

सुरुवातीला घरची माणसं आणि कर्जाची हकीगत येते. अनेकजण तिथेच पुस्तक मिटतात. ती पानं टाळू नका. ग्वाल्हेरच्या राणी बायजाबाई शिंद्यांच्या मथुरेतल्या यज्ञाची दक्षिणा मिळवायला हा माणूस एवढ्या लांब का निघाला, ते त्यांतूनच कळतं. शेजारी नकाशा ठेवावा आणि रोज वीसेक पानं वाचावीत.

— एक वाचक, इंदूर