दुच्चोची मरियामाता कॅनव्हासवर उतरवणाऱ्या दादांना अनावृत पत्र

दादा, सप्रेम नमस्कार.

छपाईचे पैसे तुम्हाला पोचले. पण ज्या गोष्टी करायला तुम्ही सरळ नकार दिलात, त्यांचे बिल तुम्ही कधीच लावले नाही. हे पत्र त्यांच्यासाठी.

मूळ चित्र इटलीतल्या सिएना शहरच्या दुच्चो या चितार्‍याचे, इ. स. १२९० ते १३०० च्या सुमाराचे. लाकडी फळीवर, अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी आणि सोन्याच्या वर्खाने केलेले. २००४ पासून ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे आणि त्याचा फोटो संग्रहालयाने सगळ्यांना मोकळा ठेवला आहे. रंगवलेला भाग फक्त २३.८ बाय १६.५ सें.मी. आहे, म्हणजे आपल्या लाँग बुकपेक्षाही लहान. मोठ्या वेदीचे हे चित्रच नव्हे. एकट्याने जवळ बसून प्रार्थना करायची, त्यासाठीचे.

आमची मागणी तीन फुटांची होती. तुम्ही पट्टी लावून दाखवलेत, की तीन फूट म्हणजे जवळजवळ चौपट. बलकाचा रंग पटकन वाळतो, म्हणून चितारी तो ओला असताना पसरवत नाही. केसासारख्या बारीक रेघा शेजारी शेजारी मारतो. त्या रेघा आणि सातशे वर्षांचे तडे चौपट झाले, की मरियेच्या चेहऱ्यावर कोळिष्टके लोंबल्यासारखी दिसतात. दुप्पट ठेवले तर रेघा जवळून दिसतात आणि दोन पावले मागे सरकले की मिटतात. ४७.६ बाय ३३ सें.मी. हे माप त्यातून ठरले. इंचाला २०० ठिपके धरून ३,७४८ बाय २,५९८ पिक्सेल लागतात, हा हिशेब तुम्ही फोटो उतरवण्याआधीच लिहून दिला होता. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत घेणार नाही, हेही.

मग कडांचे. आजकाल सगळीकडे चित्रच कापड ताणायच्या लाकडी चौकटीच्या बाजूंवर दुमडून घेतात. ३८ मि.मी. जाडीच्या पट्टीवर तसे केले असते, तर चारही बाजूंनी ३.८ सें.मी. गेले असते आणि समोर उरले असते ४० बाय २५.४. सर्वात आधी गेला असता खालचा कठडा. हे नुकसान किती मोठे, ते चित्र जाणणाऱ्यालाच कळेल. मरियेच्या पुढे दुच्चोने दगडी कठडा रंगवला आहे, आपण या बाजूला आणि ती त्या बाजूला. पाश्चात्त्य चित्रकलेत असा कठडा दिसणारे हे अगदी सुरुवातीचे चित्र. कडा आरशासारखी उलटी छापायची युक्तीही तुम्ही बाजूला ठेवलीत, कारण एकाखाली दुसरा कठडा उभा राहिला असता. चारही बाजूंना ७ सें.मी. साधा तपकिरी पट्टा सोडलात: ३.८ जाडीसाठी, उरलेला मागे स्टेपल मारायला. कापड ६१.६ बाय ४७ लागले, थोडे महाग पडले, पण मरियामाता पुरी आली.

रंगाच्या बाबतीत तर तुम्ही संगणकाशीच भांडलात. सिएनाच्या पद्धतीत त्वचेखाली हिरव्या मातीचा थर असतो, त्यावर गुलाबी रेघा. वरचा रंग विरला की हिरवट झाक वर येते. आपोआप रंग सुधारणारी सोय तिला दोष समजते आणि चेहरे पावडर लावल्यासारखे गोरे करते. तुम्ही ती बंद ठेवलीत आणि चेहरा, झगा व प्रभावळ यांच्या तीन पट्ट्या आधी त्याच कॅनव्हासवर छापून उजेडात पाहिल्यात.

सोने मात्र छापता येत नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलेत. गेरूसारख्या तांबड्या मातीच्या अस्तरावर घासून चमकवलेला वर्ख हा आरसाच असतो. ज्योत हलली की तोही हलतो. फोटोत त्याचा एकच क्षण अडकतो, बहुधा तपकिरी. पिवळा वाढवला की हळद. वरून पितळी वर्ख लावू या, ही सूचना आमचीच. त्यात तांबे असते, दमट खारट हवेत ते काळे पडते, म्हणून तीही तुम्ही मोडीत काढलीत. तेव्हा सोने जरा मळकट दिसते. ते तसेच बरे.

पुढची मेहनत पाहुण्यांना दिसत नाही. बारीक विणीचा मॅट कॅनव्हास, कारण जाड वीण लहानग्या येशूच्या बोटांत घुसते. त्याच हाताने तो आईचा पदर बाजूला सारतो आहे. शाई चोवीस तास वाळल्यावर पाण्यातल्या मॅट वार्निशचे दोन पातळ हात, दुसरा पहिल्याला आडवा. रोलर घाईने फिरवला की बुडबुडे, हात जाड झाला की दुमडीवर पांढरी चीर. चौकटीचे दोन्ही कर्ण ५७.९ भरल्याशिवाय तुम्ही कापडाला हात लावला नाहीत. पट्ट्यांची समोरची बाजू आतल्या अंगाने उतरती तासून घेतलीत, नाहीतर काही महिन्यांत आतल्या कडेची रेघ चित्रावर उमटते. स्टेपल मध्यापासून, समोरासमोर, मग कोपऱ्यांकडे. कोपऱ्यापासून सुरुवात करणाऱ्यांच्या कापडाला लाटा येतात.

राहिली मूळ चित्राची चौकट. तिच्या खालच्या कडेवर मेणबत्त्यांनी पडलेले जळके डाग आहेत, इतक्या जवळ दिवे लावून लोक प्रार्थना करत. चौकटीची सावली सपाट कापडावर खोटी दिसते, म्हणून तुम्ही चौकटीसकट फोटो खऱ्या मापात, २७.९ बाय २१ सें.मी., वेगळा कागदावर छापून दिलात. जपमाळेला येणारी मंडळी आधी तो जवळून पाहतात. कॅनव्हासखाली मात्र मेणबत्ती लावायची नाही, हे तुम्ही मागे पेनाने लिहून ठेवलेच आहे.

पावसाळ्यात कापड सैलावेल, तेव्हा कोपऱ्यांतल्या पाचरी हलक्या हाताने, चारही कोपऱ्यांत सारख्या ठोकायच्या. जास्तीच्या दोन पाचरींचे पाकीट मागच्या पट्टीला चिकटवलेले सापडले. तेही बिलात नव्हते.

आपली,
प्रार्थनागटातली मंडळी