लवकर सुरू केलं म्हणजे भाषा येते?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

‘परभाषा शिकवायची तर पहिलीपासूनच, मोठेपणी जीभ वळत नाही,’ अशा अर्थाचं एका वाचकाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. हे मत हल्ली सर्रास ऐकू येतं. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. 2025 च्या एप्रिलमध्ये हिंदीही पहिलीपासून आणायचा निर्णय निघाला आणि गदारोळ झाल्यावर जूनअखेर तो मागे घेतला गेला. दोन्ही वेळा समर्थकांचं म्हणणं एकच होतं: लहान मूल टीपकागदासारखं असतं, जे द्याल ते शोषून घेतं.

मी देवगड तालुक्यातला आंबा बागायतदार. शिक्षणतज्ज्ञ नव्हे. गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहे इतकंच. पण दुसरी भाषा शिकणारी माणसं आम्हा बागायतदारांना बारमाही बघायला मिळतात. बागा राखायला, फवारणीला, काढणीला नेपाळहून माणसं येतात, बंदरावर गेलात तर ट्रॉलरवरचे खलाशीही पुष्कळदा नेपाळीच. विशी-पंचविशीत येतात, येताना मराठीचा गंध नसतो आणि दोनेक हंगामांत बायकांशी मालवणीत हुज्जत घालू लागतात. आमच्याकडचा एक जण झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन झाडावर असतो आणि मी खालून एखादा आंबा दाखवला की वरूनच ऐकवतो, ‘‘ह्यो अजून कवळो आसा, ऱ्हवांदे दोन दिस.’’ मालकाला असं सुनावण्याइतकी भाषा त्याला आली ती कुठल्या वयात? जीभ वळत नाही म्हणणाऱ्यांनी मार्चमध्ये एकदा बागेत यावं.

त्याला भाषा कशी आली याची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. एक तर गरज. तुडतुडा या किडीचं औषध किती पाण्यात किती घालायचं हे समजलं नाही तर मोहोर जळतो आणि वर बोलणीही खावी लागतात. दुसरं म्हणजे दिवसभराचा सहवास. तिसरं, नेपाळी आणि मराठी एकाच कुळातल्या, लिपी देवनागरी, क्रियापद वाक्याच्या शेवटी, घर, हात, नाक असे कितीतरी शब्द सारखे. ज्या भाषेची घडण आपल्या भाषेच्या जवळची, ती लवकर येते. अमेरिकेत परराष्ट्र खात्यातल्या लोकांना भाषा शिकवणारी जी संस्था आहे, तिच्या हिशेबाने इंग्रजी भाषकाला स्पॅनिश शिकायला साधारण 600 ते 750 तास पुरतात, हिंदीला 1100 आणि जपानीला 2200 तास लागतात. शिकणारी माणसं त्याच तयारीची, तरी एवढा फरक. आमच्या पोरांना इंग्रजी जड जातं त्यात त्यांच्या बुद्धीचा दोष किती आणि दोन भाषांमधल्या अंतराचा किती, हे पालकसभेत कधी कोणी बोललेलं मी ऐकलं नाही.

चौथं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पेट्या भरायच्या शेडमध्ये तो बोलतो ते चुकीचं असतं. नेपाळीत निर्जीव वस्तूंना आपल्यासारखं लिंग नाही, त्यामुळे तो अडखळतो तो नेमका तिथे. ‘आंबा पडली’ म्हणाला की पेंढा पसरणारी बाई मान वर न करता म्हणते, ‘‘आंबो पडलो? खंय पडलो?’’ तो पण ‘‘पडलो, पडलो’’ म्हणतो आणि काम पुढे चालू. कोणी हसत नाही, कोणी ‘नीट बोल’ म्हणत नाही, उत्तर मात्र प्रत्येक वेळी बरोबर रूपात मिळतं. त्या बाईला बी.एड. कॉलेजात व्याख्यानाला बोलवावं असं मला कैक वेळा वाटलं आहे. स्टीफन क्रॅशन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1980 च्या सुमारास मांडलं की समजेल अशी भाषा भरपूर कानावर पडली आणि मनावर दडपण नसलं तर भाषा येते. भीती, लाज, कंटाळा मध्ये आला की ऐकलेलं आत जात नाही. क्रॅशनचं सगळंच इतर तज्ज्ञांना मान्य नाही, पण भीतीबद्दल तो जे म्हणतो ते मला रोज दिसतं.

आता वयाला काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाही. या गड्याची मुलगी अगदी लहानपणी इथे आली. ती फोनवर बोलली तर मालवणातली कोणीतरी मुलगी बोलतेय असं वाटतं, आणि तिचा बाप आजही ‘आंबा पडली’वर घसरतो. उच्चार आणि व्याकरणाची सफाई यांना कोवळं वय लागतं हे संशोधनही सांगतं. जॉन्सन आणि न्यूपोर्ट यांनी 1989 मध्ये अमेरिकेत येऊन राहिलेल्या चिनी आणि कोरियन भाषकांना इंग्रजी व्याकरणाची चाचणी दिली. सात वर्षांच्या आत आलेले तिथल्या लोकांच्या बरोबरीने उतरले, पुढे जसजसं येण्याचं वय वाढत गेलं तसतसे गुण घसरत गेले. 2018 मध्ये जवळपास 6 लाख 70 हजार लोकांच्या ऑनलाइन चाचणीवरून निष्कर्ष निघाला की व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता साधारण सतराव्या वर्षापर्यंत टिकते, मात्र जन्मभाषेइतकी सफाई हवी तर दहाच्या आसपास सुरुवात झालेली बरी.

पण हे निष्कर्ष त्या भाषेत बुडून राहिलेल्यांचे आहेत, हे पहिलीवाले सांगत नाहीत. आणि तिथेही सुरुवातीचा वेग लहानांचा नसतो. स्नो आणि होफनागेल-होले या दोघींनी 1978 मध्ये हॉलंडात डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांचा वर्षभर माग ठेवला. पहिल्या काही महिन्यांत सर्वांत झपाट्याने पुढे गेली ती 12 ते 15 वर्षांची मुलं आणि प्रौढ माणसं; 3 ते 5 वर्षांची पोरं वर्षअखेरीस सर्वांत मागे होती. बार्सिलोनाच्या शाळांतल्या दीर्घ अभ्यासातही, तेवढेच तास मिळाल्यावर उशिरा सुरू करणारी मुलं लवकर सुरू करणाऱ्यांच्या पुढेच दिसली. लहान मुलांची खरी ताकद दीर्घकाळाच्या सहवासात आहे, आणि शाळेच्या तासिकेत नेमका तोच मिळत नाही.

आपल्याकडची तासिका म्हणजे पस्तीसेक मिनिटं. वर्गात 30 मुलं आणि निम्मा वेळ गुरुजी बोलले असं धरा, तर एकेका मुलाच्या वाट्याला बोलायला जेमतेम अर्धं मिनिट येतं. कोकणात खरं तर याउलट सोय आहे. आमच्या कितीतरी शाळांचा पट विसाच्याही खाली. बारा मुलांना गप्पा मारत इंग्रजी शिकवणं काय अवघड आहे? पण त्या बारा मुलांचे वर्ग चार, शिक्षक दोन, आणि त्यांतला एक कायम कुठली तरी ऑनलाइन माहिती भरत बसलेला. कमी पट म्हटलं की सरकारला शाळा बंद करायची आठवण होते, याच शाळेत भाषा उत्तम शिकवता येईल हे सुचत नाही.

त्यात आमचं मूल शाळेत येतं तेच मालवणी घेऊन. पुस्तकातली मराठी त्याला अर्धी परकी. पहिल्याच आठवड्यात ‘असं नाही बोलायचं’ ऐकलं की ते गप्प बसतं, आणि गप्प बसलेल्या मुलाला आपण इंग्रजी बोलायला सांगतो. जिम कमिन्स यांनी कॅनडातल्या स्थलांतरितांच्या मुलांवरून दाखवलं की रोजच्या बोलण्यापुरती परभाषा दोनेक वर्षांत येते, पण तिच्यातून गणित-विज्ञान समजायला पाच ते सात वर्षं लागतात. आणि घरची भाषा पक्की असेल तर तिथली समज दुसऱ्या भाषेत उतरते. तरी तालुक्यागणिक अशी एखादी इंग्रजी शाळा आहेच, जिथे मधल्या सुट्टीत मराठी बोललं तर दंड होतो. फी भरून मुलाला मुकं करून आणायचं हे गणित मला तरी उमगलेलं नाही.

दहावीला इंग्रजीत गचकलेली मालवण-तारकर्लीची पोरं आज परदेशी पाहुण्यांना स्कुबासाठी पाण्यात उतरवताना सूचना देतात त्या इंग्रजीतच, आणि पाहुणे त्या बिनचूक पाळतात. व्याकरण मोडकं, पण समोर माणूस आहे आणि हाताला काम आहे. शिकणाऱ्याची वृत्ती आणि ओढ त्याच्या बुद्धीइतकीच मोलाची ठरते, हे गार्डनर आणि लॅम्बर्ट यांनी मॉन्ट्रियलमध्ये फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवरून 1959 मध्येच मांडलं होतं.

म्हणून पहिलीपासून की पाचवीपासून या वादात मला फारसा रस नाही. मुलाशी त्या भाषेत बोलणार कोण, ते सांगा. आमच्या गावात बोटीवरून निवृत्त होऊन आलेले आणि मुंबईच्या कचेऱ्यांत जन्म काढून परतलेले चाकरमानी आहेत. त्यांचं इंग्रजी रोजच्या वापरातलं आहे आणि दुपारी त्यांना वेळच वेळ असतो. त्यांतले दोघे आठवड्यातून दोन दुपारी मुलांत येऊन बसायला तयार आहेत, मानधन नको म्हणतात. समितीने तसा ठराव केला, तर ‘वरून लेखी आणा’ असं उत्तर मिळालं. हे ‘वर’ म्हणजे नेमकं कोणतं कार्यालय आणि अर्ज कोणत्या नमुन्यात करायचा, एवढं शिक्षण विभागातल्या कोणी आपल्या या स्तंभातून कळवलं तर जूनपासून सुरुवात करता येईल.

आपला,
एक आंबा बागायतदार
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग