सुध्या, रंग गेला

प्रिय सुध्या,

रंग गेला. तू म्हणाला होतास तसाच गेला.

पत्राची सुरुवात अशी करू नये हे मला कळतं. तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, त्याबद्दल आधी कान पकडायला हवे होते. ते पकडले असं समज. तब्येत ठीक आहे. साखर होती तिथेच आहे, चष्म्याचा नंबर वाढलाय, सुईत दोरा आता ही ओवून देते आणि प्रत्येक वेळी काहीतरी बोलते. झाली ख्यालीखुशाली. आता लाल कापडाकडे येतो.

ते अडीच मीटर. विसरला असशील असं म्हणायची सोय नाही, कारण दर दोन वर्षांनी तूच ते उकरून काढतोस. दुकानदार थान उलगडून दाखवत होता, मी कापडाच्या प्रेमात पडलो होतो आणि तू काउंटरवरच्या पाण्याच्या ग्लासात अंगठा बुडवून कापडाच्या कोपऱ्यावर खसाखसा घासलास. मग तो गुलाबी झालेला अंगठा आधी माझ्या आणि मग दुकानदाराच्या नाकासमोर धरलास. "हा रंग जाणार." त्या माणसाचा चेहरा मला अजून दिसतो. मी हट्टाने तेच कापड घेतलं, पाकीट घरी राहिलं म्हणून पैसे तू भरलेस, आणि बाहेर आल्यावर आपण जे भांडलो त्याला तोड नाही. चार महिने अबोला. तू म्हणतोस मी धरला, मी म्हणतो तू. पैसे अजून दिलेले नाहीत. म्हणजे नीट बघितलं तर या प्रकरणात तूही भागीदार आहेस.

मी तेव्हा घरी येऊन ते कापड रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवलं होतं. सकाळी पाणी गुलाबी झालं होतं. ते ओतून टाकलं, कापड वाळवलं आणि मनाशी ठरवलं की आता रंग पक्का झाला. त्यानंतर ते ट्रंकेत तळाशी गेलं.

माझ्या साठ्याबद्दल तू बोलू नकोस, घरात बोलणारे पुरेसे आहेत. दोन ट्रंका, एक मोठी सूटकेस आणि कपाटाचा वरचा खण. मागच्या महिन्यात मोजदाद केली. जन्मभर नकाशे काढलेला माणूस, आलेखाच्या कागदावरच मांडली: प्रत्येक तुकडा, लांबी, रुंदी, सुती की मिश्र. हिशेब असा निघाला की वर्षाला दोन गोधड्या शिवल्या तर एकोणीस वर्षं पुरेल. हिने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. त्या साठ्यात तुझा होस्टेलवरचा चौकटीचा शर्टही आहे. कॉलर फाटलेली, पण पाठ शाबूत. देणार नाही.

आता खरं सांगतो. तुझ्या निवृत्तीला मी तुला गोधडी कबूल केली होती, ती त्याच लाल कापडाची होती. लाल आणि पांढरा, दुसरा रंग नाही. ही कल्पना माझी नाही. २०११ साली न्यूयॉर्कमध्ये फक्त लाल-पांढऱ्या गोधड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. ६५१ गोधड्या, सगळ्या एकाच बाईंच्या संग्रहातल्या, उंच छतापासून गोल गोल टांगलेल्या. ते फोटो बघितले आणि मला राहवेना. म्हटलं, सुध्याला हीच द्यायची, तेच कापड वापरून, आणि दर थंडीत त्याला आठवण राहील की कोण बरोबर होतं.

हसून घे.

चौकोन साडेसहा इंचांचे कापले, शिवून सहाचे होतात. चारी बाजूंना पाव पाव इंच माया. (शिवणकामातली माया म्हणजे शिवणीत सोडलेलं जास्तीचं कापड. उगाच डोळे पुसू नकोस.) सात आडवे, नऊ उभे. ६३ चौकोन, त्यातले ३२ पांढरे आणि ३१ लाल. एवढं जोडून झालं, आणि तुझ्या लांबीला अजून तितकंच जोडायचं होतं, तेवढ्यात पिंट्याची मुलगी दोन महिने आधी आली. ती आता उत्तम आहे, बाळसं धरतेय. पण तेव्हा घरात सगळ्यांचे जीव टांगणीला लागले होते आणि मला दवाखान्याच्या बाकावर बसून काही करता येईना. जे करता येत होतं ते केलं. तुझे ६३ चौकोन घेतले, मध्ये कापसाचा थर, खाली मऊ अस्तर, कच्चे टाके घालून तिन्ही थर बसवले आणि इंचा-इंचावर धावदोरा घालत गेलो. रात्री दोन-दोनपर्यंत. कडेला लाल गोट. अकरा दिवसांत पूर्ण. तुला कळवलं नाही, कारण तुझी गोधडी दुसऱ्याला दिली हे लिहायला हात उचलेना. दोन पत्रांच्या मौनाचं कारण हे.

घाईत एक गोष्ट राहिली. पांढरं कापड मी कापण्याआधी धुऊन घेतलं होतं. लाल धुतलं नाही. ते तर मिठातून काढलेलं, पक्कं!

पुढचं ओळखलंच असशील. मागच्या आठवड्यात सूनबाईने गोधडी मशीनला लावली. आणि मला फोटो पाठवला. बत्तीसच्या बत्तीस पांढरे चौकोन गुलाबी. सगळे सारखे गुलाबी असते तर एक वेळ चाललं असतं. लालच्या कडेला गडद, मध्ये फिका, दोन ठिकाणी तर नकाशातल्या बेटांसारखे डाग. आणि खाली तिने लिहिलं होतं: "काका, धुतल्यावर कसली सुंदर छटा आली! ही तुमची युक्ती ना?"

सुध्या, मी "हो" लिहिलं.

का लिहिलं ते मला विचारू नकोस. एका अक्षराचं उत्तर, अंगठ्याने टाइप केलेलं. (अंगठ्याचं आणि माझं काहीतरी वैर आहे.) तिने लगेच दुसरा निरोप पाठवला की तिच्या बहिणीला मुलगा झालाय, त्याच्यासाठी अशीच, याच युक्तीची एक शिवून द्याल का. मी त्यालाही हो म्हटलं. एकदा घसरलं की माणूस खालपर्यंत जातो.

तोवर गंमतच होती. पण परवा आणखी एक फोटो आला. पोरगी गोधडीवर पालथी, मान उचललेली, आणि गोधडीचा कोपरा तोंडात. लाल गोट, लाळेने चिंब. ओठांच्या कडेला मला गुलाबी दिसलं. हिला दाखवला, ती म्हणाली बाळांचे ओठ गुलाबीच असतात. मी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, शेवटी नुसते ठिपके दिसायला लागले. त्या रात्री झोप लागली नाही.

मग वाचत बसलो, जे पंचवीस वर्षांपूर्वी करायला हवं होतं. मिठाबद्दल मी तुझ्याशी जे हुज्जत घालत आलो ते सगळं चूक. मीठ कामाचं असतं ते कापड रंगवताना, रंगाला सुताकडे ढकलायला. रंगवून झालेल्या कापडाला मिठात बुडवून काही पक्कं होत नाही. व्हिनेगरचंही तेच, त्याचा उपयोग लोकर आणि रेशीम रंगवताना. सुताशी रासायनिक गाठ मारून बसणारे रंग १९५६ साली बाजारात आले, पण तेसुद्धा रंगवणाऱ्याने शेवटची धुलाई नीट केली तरच चांगले. नाहीतर न बसलेला रंग कापडात दडून राहतो आणि पहिल्या पाण्याची वाट बघतो. आणि त्या प्रदर्शनातल्या जुन्या बायकांना लाल-पांढरं का जमलं, ठाऊक आहे? एकोणिसाव्या शतकातलं ते टर्की रेड. मंजिष्ठाच्या जातीच्या झाडाची मुळं, तेल, तुरटी, अनेक दिवसांची खटपट. १८६८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी त्यातलं मुख्य द्रव्य प्रयोगशाळेत बनवलं. तो लाल धुतला तरी शेजारच्या पांढऱ्याला लागत नसे, म्हणूनच बायकांचा त्यावर भरवसा. मी नुसते फोटो बघितले आणि लाल म्हणजे लाल असं धरून चाललो. तुझा अंगठा त्या मानाने शास्त्रीय होता.

उपाय आहे म्हणे. मोठ्या टबात गरम पाणी, भरपूर साबण, गोधडी पूर्ण बुडालेली, बारा तास. सुटलेला रंग पाण्यातच तरंगत राहावा, परत कापडावर बसू नये म्हणून पाणी भरपूर हवं. पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा. तोवर इस्त्री नाही, गरम हवेत वाळवणं नाही, उष्णतेने डाग धरतो. म्हणजे निघू शकेल. पण त्यासाठी गोधडी माझ्याकडे यायला हवी, आणि ती यायची तर ती युक्ती नव्हती हे सांगावं लागेल. चौसष्टाव्या वर्षी सुनेला सांगायचं, बाई गं, मी खोटं बोललो, आणि पोरीच्या तोंडातून तो कोपरा काढ.

काल फोन केला होता. पिंट्याने उचलला. वीस मिनिटं त्याच्या गाडीच्या क्लचबद्दल बोललो आणि ठेवून दिला.

हे मी दुसऱ्या कुणाला लिहू? ताईला सांगितलं तर ती म्हणेल, मी म्हणूनच तुझी गोधडी कपाटात ठेवली, वापरतच नाही. (वापरत नाही याचाच मला राग आहे, पण आता तिला काय बोलणार.) मेव्हण्याच्या गोधडीवर कुत्रा झोपतो, त्याचा रंग गेला नाही, हे त्या कुत्र्याचं नशीब. घरात हिला सगळं माहीत आहे, पण ती दुकानात नव्हती. तो अंगठा फक्त तू आणि मी बघितला.

तुझं काय चाललंय? वहिनींचा गुडघा कसा आहे, ऑपरेशनचं ठरलं का? त्यांना नमस्कार सांग. घर रंगवून झालं असेल. कोणता रंग दिला ते कळव, आणि ओल्या अंगठ्याने भिंत घासली होतीस का तेही. मुलीच्या नोकरीबद्दल तू लिहिलंस ते वाचून बरं वाटलं, त्यावर सविस्तर पुढच्या पत्रात. आणि पलंगाची लांबी-रुंदी टेप लावून मोजून पाठव. अंदाजे नको. तुझी गोधडी नव्याने सुरू करतोय. निळी. आधी धुतलेली.

तुझा,
बाळ्या

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी सूनबाईला फोन केला, या वेळी तिच्याच मोबाइलवर. सगळं सांगितलं, मिठासकट. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, मग त्या दिवशी मशीनमध्ये पिंटूचा बनियनही होता, तोही गुलाबी झालाय, मी त्यालाच बोलले." गोधडी तिने लगेच काढून ठेवली, उद्या कुरिअरने येईल. उरलेलं दीड मीटर लाल कापड मी आज धुवायला घेतलं; सहा पाणी झाली, सहावंही गुलाबी. बहिणीच्या मुलाची गोधडी मात्र तिने रद्द केलेली नाही. गुलाबीच हवी म्हणते. एकोणीस वर्षांचं कापड आहे माझ्याकडे, आणि सगळ्या ट्रंका पालथ्या घातल्या तरी गुलाबी एक तुकडा नाही. विकत आणावं लागेल. तू पुढच्या महिन्यात येतोयस ना? तोवर थांबतो. दुकानात अंगठा तुझाच लागेल.