‘कृपया हात लावू नये’ अशी खेळणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या नातवाच्या शाळेत बालवर्गाच्या पालकांसाठी ‘टाकाऊतून खेळणी’ अशी स्पर्धा झाली आणि दुसऱ्या दिवशी त्या वस्तूंचे प्रदर्शन भरले. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मी वही आणायला गल्लीतल्या स्टेशनरीच्या दुकानात गेले, तर तिथे निम्मा वर्ग भेटला. कुणी थर्माकोलचे शीट घेत होते, कुणी चमकी, कुणी ग्लू गन आणि तिच्या कांड्या. एका आईचे बिल चारशेच्या वर गेले. टाकाऊ म्हणावे असे तिच्या पिशवीत काहीच नव्हते. प्रदर्शनात रंगीत फितीच्या पलीकडे टेबले मांडली होती, त्यावर ‘कृपया हात लावू नये’ अशी पाटी होती आणि ज्यांच्यासाठी हा सारा घाट घातला ती चार वर्षांची मुले हात मागे बांधून रांगेने पुढे सरकत होती. शाळेचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. परंतु घरी केलेल्या खेळण्याची मोठी सोय ही, की ते मोडले तरी कुणाचे काही जात नाही, आणि नेमकी तीच इथे हरवली होती.

मी सव्वीस वर्षे बालवाडीत शिकवले. संस्थेने एकदा हौसेने लाकडी ठोकळ्यांचा सुंदर संच आणला. तो जडवस्तू संग्रह नोंदवहीत (टिकाऊ सामानाची नोंद ठेवायची वही) चढला, आणि एक ठोकळा हरवला तरी खुलासा द्यावा लागेल या धास्तीने आम्ही बायांनी तो वर्षातून दोनदा, पाहुणे यायचे असतील तेव्हाच, कपाटाबाहेर काढला. आमच्या हातून झालेली ही चूकच होती, हे आज मान्य करते. त्याच वर्षी काडेपेट्यांचा एक खेळ मात्र रोज मुलांच्या हातात होता. रिकाम्या आठ काडेपेट्या घ्यायच्या, दोनांत ज्वारी, दोनांत तूरडाळ, दोनांत वाळू आणि उरलेल्या दोनांत एकेकच खडा घालायचा, सगळ्यांना एकसारखा कागद चिकटवायचा आणि मुलांनी त्या कानाशी हलवून जोड्या लावायच्या. वाळूची पेटी आणि ज्वारीची पेटी यांतला फरक ऐकताना मूल डोळे मिटून घेते, हे कुणी त्याला शिकवत नाही. उद्या ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ऐकू यावेत यासाठी कानाची हीच तयारी लागते. पंधरा दिवसांत पेट्या चेपायच्या, मग मुलांनाच हाताशी घेऊन नव्या करायच्या.

ही काही माझी कल्पना नव्हे. आवाजाच्या डब्या मूळच्या माँटेसोरी पद्धतीतल्या. ती साधने सुबक असतात पण महाग, गावखेड्यांना परवडणारी नव्हेत. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे हे काम कोसबाडला गेले, आणि त्यांनी व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी वारली पाड्यांवरच्या मुलांसाठी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने यांचीच साधने केली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पनाही तिथलीच. आज सरकारी योजनेला आपण तेच नाव देतो आणि साधने मात्र निविदा काढून मागवतो, याची मला गंमत वाटते. पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत पद्मश्री अरविंद गुप्ता यांनी काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून केलेली खेळणी पुष्कळांना ठाऊक आहेत. ती अप्रतिम आहेत, पण त्यांतली बरीचशी थोड्या मोठ्या मुलांची. तीन-चार वर्षांच्या बोटांना ती नळी आवरत नाही.

या वयाला काय जमते, ते आपल्याच घरात सापडते. आमच्या बार्शीकडे कडब्याच्या पेंडीतले एक ताट, म्हणजे ज्वारीचे वाळलेले धाट, ओढले, की मोठ्या माणसाने त्याची साल सोलून द्यायची (ही साल ब्लेडसारखी कापते, म्हणून ती मुलांच्या हाती सोलायला देऊ नये), आतल्या पांढऱ्या मऊ गाभ्याचे बोटभर तुकडे करायचे आणि सालीच्या बोथट केलेल्या कामट्या त्यांत खोचत जायचे. बैलगाडी होते, चष्मा होतो, आणि कधी कधी कशासारखेच नसलेले काहीतरी होते, ज्याला करणारे मूल ठामपणे ‘मोबाइलचा टॉवर’ म्हणते. थोड्या मोठ्या मुलांसाठी चार चिंचोके खरखरीत दगडावर घासून त्यांची एक बाजू पांढरी करावी. फरशीवर खडूने घरे आखली, की पट तयार. जितके पांढरे वर तितके दान, चारही पांढरे पडले तर चार आणि एकही पांढरा वर नसेल तर आठ. कुणी याला अष्टाचम्मा म्हणते, कुणी चल्लस-आठ. ‘एकही नाही’ म्हणजे काय, हे शाळेत शून्य शिकण्याआधीच मूल या आठच्या लोभाने शिकते.

मात्र घरचे म्हणजे निर्धोक, असे समजू नये. 1 जानेवारी 2021 पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. घरी आपण विकत नाही, म्हणून तपासणारेही आपणच. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी प्रमाणित चाचणीत सुमारे 32 मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात आणि तिच्यात जे मावते ते त्या वयाला धोक्याचे ठरते. म्हणजे चिंचोके, मणी, बटणे, सागरगोटे सारे बाद. माझ्या वर्गात एका मुलाने चिंचोका नाकात घातला होता. तो ओलाव्याने फुगला आणि काढायला डॉक्टरांकडेच न्यावे लागले. तेव्हापासून चिंचोके मी मोजून देत असे आणि मोजून परत घेत असे. खुळखुळ्यात दिसायला छान म्हणून काही जण लालभडक गुंजा घालतात, त्या मुळीच घालू नयेत. कवच फुटलेली गुंज पोटात गेली तर जिवावर बेतू शकते. जुन्या खेळण्यांतल्या चपट्या बटण-सेलचेही तसेच. तो घशात अडकला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. सेल काढूनच ती खेळणी मुलांना मोडायला द्यावीत.

शाळा आणि अंगणवाड्यांना माझी विनंती एवढीच आहे, की स्पर्धेऐवजी पालकांच्या मासिक बैठकीतला अर्धा तास आया-आज्यांनी मुलांना शेजारी बसवून एकच खेळणे करण्यासाठी द्यावा. जे होईल ते त्याच दिवशी मुलाच्या हाती घरी जावे. खळ, कागद, दोरा यांसाठी सेविकांना किरकोळ रक्कम मिळावी आणि ती वापरून संपणारे साहित्य म्हणून लिहिता यावी, जडवस्तू म्हणून नव्हे. मोडलेल्या खेळण्याचा हिशेब मागितला नाही, तर कपाटांची कुलपे आपोआप निघतील.

आपल्या रविवारच्या बालपुरवणीतही दर आठवड्याला एक खेळणे आकृतीसह छापता आले तर फार बरे होईल. त्याला ग्लू गन लागणार नाही, एवढे मात्र पाहावे.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, बार्शी