अख्खी केप रंगवू नकोस, आधी हे वाच

प्रिय अभ्या,

फोटो मिळाले रे, झूम करून करून बघितले. इतकी वर्षं मनात असलेला कलेक्टिबल स्टॅच्यू शेवटी हातात यावा आणि बॉक्स उघडल्या उघडल्या त्याच्या केपच्या, म्हणजे पाठीवरच्या लाल झग्याच्या, काठावरचा पांढरा टवका दिसावा, तुझा जीव किती तुटला असेल ते कळतंय मला. पण तू शेवटी जे लिहिलंयस ना, की आता अख्खी केपच नव्याने रंगवून टाकतो, ते प्लीज करू नकोस. त्यासाठीच एवढं लांबलचक लिहायला बसलोय.

नुकसान केवढंसं आहे बघ. काठाला दोन-तीन मिलिमीटरचा टवका, पट्ट्याच्या सोनेरी रंगावर घासल्याची खूण आणि गालावर एक काळपट ठिपका, बस. बाकी सगळा रंग कुणीतरी ब्रशने आणि एअरब्रशने थर देत चढवलाय, तो शाबूत आहे, आणि त्याच्यासाठीच तर तू हा स्टॅच्यू घेतलास ना. जुनी चित्रं-शिल्पं दुरुस्त करणारे लोक हा नियम फार कडक पाळतात, रंग जिथून गेलाय तिथेच नवा रंग, मूळ रंगावर टिंबसुद्धा नाही. इटलीचे चेझारे ब्रांदी, रोमच्या १९३९ साली स्थापन झालेल्या रेस्टोरेशन इन्स्टिट्यूटचे पहिले संचालक, त्यांचं तर म्हणणं होतं की भरलेली जागा लांबून डोळ्यात खुपू नये पण जवळ गेल्यावर ओळखू आलीच पाहिजे. आपल्याला एवढं कडक व्हायची गरज नाही, आपण बेमालूम लपवू, पण मूळ रंगाला हात लावायचा नाही हे मात्र त्यांच्याकडून जसंच्या तसं घ्यायचं.

गालावरचा ठिपका मला टवका वाटतच नाहीये. पॅकिंगमध्ये दुसरा एखादा पार्ट घासला गेला की त्याचा रंग असा येऊन बसतो. आधी कोमट पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाक, कॉटन बड त्यात बुडवून जवळजवळ कोरडा पिळून घे आणि ठिपक्यावरून गोल फिरवत ने, रगडू नकोस. बरेचदा एवढ्यावरच निघतो. नाही निघाला तर मऊ पांढऱ्या खोडरबराने अगदी हलक्या हाताने बघ. आयसोप्रोपिल अल्कोहोल नको, अ‍ॅक्रिलिक रंग त्याने मऊ पडतो, आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर त्या टेबलावरसुद्धा ठेवू नकोस. घर साफ करायचा तो पांढरा मेलामाइन स्पंज असतो ना तोही नको, तो खरं तर फार बारीक पॉलिशपेपरच आहे, डाग जातो पण मॅट, म्हणजे न चमकणाऱ्या चेहऱ्यावर एक चकचकीत पॅच राहतो, तो ठिपक्यापेक्षा वाईट दिसतो. काहीही वापरायच्या आधी बेसच्या खाली, जिथे दिसत नाही तिथे टेस्ट करायची, दरवेळी.

आता केप. तुझा स्टॅच्यू पॉलीस्टोनचा आहे, म्हणजे पॉलीयुरेथेन रेझिनमध्ये दगडाची बारीक पूड मिसळलेली, म्हणून रंग उडाला की आत पांढरं दिसतं. (पीव्हीसीची फिगर असती तर एनॅमल रंगाला हातच लावू नको म्हटलं असतं, पीव्हीसीमधल्या मऊपणा आणणाऱ्या केमिकलमुळे एनॅमल कित्येक महिने चिकट राहू शकतो. तुझ्या दुसऱ्या शेल्फसाठी लक्षात ठेव.) उडालेला पोपडा बॉक्समध्ये सापडतोय का ते शोध, थर्माकोलच्या खाचेत बघ. सापडला तर निम्मं काम झालं, मॅट मीडियम (अ‍ॅक्रिलिक रंगात मिसळायचं बिनरंगी द्रव्य) किंवा पांढरा गोंद अगदी किंचित लावून तोच परत बसव. सुपरग्लू नको, त्याची वाफ आजूबाजूच्या रंगावर पांढरट धुरकट थर सोडते. पोपडा नाहीच मिळाला तर खड्ड्याची खोली बघ. नुसता रंगाच्या जाडीएवढा असेल तर तीन-चार पातळ कोटांत भरून येईल, त्याहून खोल असेल तर मिलिपुटसारखी इपॉक्सी पुटी (दोन भाग एकत्र मळले की कडक होणारी) चिमूटभर लाव आणि ओलसर बोटाने काठाशी सपाट कर. पुटी मऊ असतानाच नीट बसवलीस तर घासावं लागत नाही, आणि घासावं लागलंच तर पाणी लावून बारीक पेपरने, तोंडावर मास्क लावून, आजूबाजूला मास्किंग टेप चिकटवून. टेपसुद्धा आधी कपड्यावर दोनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करून घे, नाहीतर टेपबरोबर चांगला रंगच निघून येईल.

आणि आता खरं काम, लाल रंग. केप एका लालची नाहीये, घडीत गर्द, मधे मध्यम आणि काठावर उजळ, तुझा टवका काठावर आहे म्हणजे तुला उजळ लाल जुळवायचाय. वलेहो कंपनीच्या रंगांसारखा पाण्यावरचा अ‍ॅक्रिलिक घे, मूळ रंगाला तो काही करत नाही आणि चुकलं तर लगेच ओल्या कॉटन बडने पुसता येतो, हा सगळ्यात मोठा आधार आहे. लाल गडद करायला काळा टाकू नकोस, मरगळलेला दिसतो, त्यापेक्षा तपकिरी किंवा हिरव्याचा एखादा कण टाक. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर थोडा गडद होतो, त्यामुळे ओला रंग बरोब्बर जुळला म्हणून खूश व्हायचं नाही, पांढऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यावर लाव, पूर्ण वाळू दे, मग केपला टेकवून बघ. दिवसाच्या उजेडात बघ आणि रात्री ज्या लाइटखाली तो उभा राहणार त्या लाइटमध्येही बघ, एका उजेडात सारखे दिसणारे दोन लाल दुसऱ्या उजेडात वेगळे निघू शकतात. शिवाय लालला कव्हरेज कमी असतं, थेट पांढऱ्यावर लावलास तर गुलाबी झाक येते, म्हणून खाली विटकरी रंगाचा एक पातळ कोट दे.

ब्रश अगदी केसाएवढा घेऊ नकोस, त्यात रंग मावत नाही आणि टोकाला येईपर्यंत वाळतो. शून्य किंवा एक नंबरचा, टोकदार, चांगल्या केसाचा ब्रश बास. रेघ ओढू नकोस, टिंब टिंब करत मधून कडेकडे ये आणि कडेला थांब.

रंग जुळूनही जागा ओळखू येते ती बहुतेक चकाकीमुळे, याकडे कुणी लक्षच देत नाही रे. केप तिरकी धरून उजेडात बघ, मॅट आहे का सॅटिन (किंचित चमकणारी). तसाच वार्निश फक्त त्या टवक्यापुरता ब्रशने लाव, रंग रात्रभर वाळल्यावर. मॅट वार्निशची बाटली खूप वेळ हलवायची, मॅटपणा आणणारी पूड तळाशी बसलेली असते, आणि कोट पातळच हवा, जाड झाला की दुधाळ दिसतो. अख्ख्या स्टॅच्यूवर स्प्रे मारायचा विचारही करू नकोस, चिलखताची चमक आणि चेहऱ्याचा मॅटपणा मुद्दाम वेगवेगळा ठेवलेला असतो, तो सगळा एकसारखा होऊन जाईल.

पट्ट्याचं सोनेरी मात्र मी राहू दे म्हणेन. मेटॅलिक रंगात चमकीचे कण असतात, ते ब्रश जसा फिरेल तसे बसतात, म्हणून समोरून जुळलेला पॅच बाजूने बघितला की वेगळा दिसतो. ओरखड्यातून पांढरं दिसत नसेल तर हातच लावू नकोस, दिसत असेल तर पांढऱ्यावर फक्त तपकिरी टिंब दे, लांबून घडीतली सावली वाटेल.

सुरू करायच्या आधीचे आणि नंतरचे फोटो जपून ठेव, कुठला रंग किती मिसळलास तेही लिहून ठेव. पुढे कधी विकलास तर घेणाऱ्याला टचअप सांगायचंच, त्यात दुमत नाही. आणि लालचा टेस्ट तुकडा वाळला की केपला टेकवून फोटो पाठव, एक खिडकीपाशी आणि एक रात्रीच्या लाइटमध्ये. मी बघून सांगतो, तोवर केपवर ब्रश टेकवू नकोस.

तुझा,
सम्या